चामड्याचं होल्स्टर निवडताना: मऊपणाला भुलू नका

चामड्याचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगायची खोळ, हातात आलं की नवखा माणूस ते आधी अंगठ्याने दाबून बघतो. मऊ लागलं की खूश. मीही तेच केलं होतं. आतून लुसलुशीत अस्तर असलेलं, पिशवीसारखं दुमडणारं एक होल्स्टर घेतलं आणि पहिल्याच मोठ्या चालीत ते पट्ट्यावर इतकं झुललं, फिरलं आणि घासलं की परतीच्या वाटेवर पिस्तूल रिकामं करून सॅकमध्ये ठेवावं लागलं. होल्स्टर मऊ होतं, पण त्यातलं किलोभर पोलाद काही मऊ नव्हतं.

ओझं एका जागी गप्प बसलं की त्याचा त्रास होत नाही, हलायला लागलं की होतो. चामडं बोटांना कसं लागतं याने काही फरक पडत नाही. होल्स्टर कुठे बांधलंय, कशावर अडकवलंय आणि आतल्या शस्त्राला किती घट्ट धरून ठेवतंय, यावर सगळं ठरतं. म्हणून खाली चामड्याचा विषय तिसऱ्या पायरीला येतो, पहिल्या नाही.

त्याआधीची एक गोष्ट चटकन सांगून टाकतो. परवाना, शस्त्र उघड दिसेल असं बाळगायचं की झाकून, कोणत्या जंगलात किंवा उद्यानात ते नेता येतं, या सगळ्याचे नियम जागेगणिक बदलतात. झाकूनच न्यायची सक्ती असेल तिथे छातीवरचं होल्स्टर कितीही आरामशीर असलं तरी उपयोगाचं नाही. तेव्हा नियम आधी, खरेदी नंतर.

पहिली पायरी: तुमचा दिवस कागदावर उतरवा

किती तास चालणार, किती तास बसणार? पाठीवर सॅक आहे का, आणि असल्यास तिला कमरेचा पट्टा आहे का? गाडीने जाणार, घोड्यावरून की होडीतून? मासेमारीसाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरणार का? अंगात एकच शर्ट असेल की त्यावर जाड जॅकेट? उजवा हात वापरता की डावा? डावखुऱ्यांचं होल्स्टर वेगळंच शिवलेलं असतं. उजव्या हाताचं होल्स्टर उलट्या बाजूला लावून भागत नाही.

त्याखाली शस्त्राचं नेमकं मॉडेल आणि नळीची लांबी लिहा. ‘४ इंची रिव्हॉल्व्हर’ एवढ्यावर थांबू नका, कारण दोन कंपन्यांच्या ४ इंची रिव्हॉल्व्हरांची चौकट वेगळी असू शकते. पिस्तुलावर दिवा किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं साधन) असेल तर तेही लिहा, कारण होल्स्टर त्याप्रमाणे कापलेलं असावं लागतं. ‘सगळ्या मॉडेलांना बसतं’ असं ज्यावर छापलंय ते कशालाच धड बसत नाही, हे गृहीत धरा.

आता वजन. कोल्टच्या १९११ मॉडेलच्या पद्धतीचं पूर्ण आकाराचं पोलादी पिस्तूल रिकामं असताना सुमारे १.१ किलो भरतं. .४४ मॅग्नमची लांब नळीची रिव्हॉल्व्हर १.३ ते १.५ किलोपर्यंत जाते. पैसे खर्च करण्याआधी एक सोपा प्रयोग करा. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली पट्ट्याला ज्या जागी होल्स्टर लावायचा विचार आहे तिथे घट्ट बांधा आणि तासभर चाला. चढा, उतरा, ओणवे व्हा, दगडावर बसा. जागा बदलून पुन्हा करा. बाटली जिथे कमी छळेल, तिथूनच शोध सुरू करायचा.

दुसरी पायरी: जागा ठरवा

कमरेला घड्याळाची तबकडी समजा. बेंबीवर १२, उजव्या कुशीवर ३, मणक्यावर ६. खालचे आकडे उजव्या हाताच्या माणसासाठी आहेत. डावखुऱ्यांनी आरशातले वाचावेत.

सर्वांत रुळलेली जागा म्हणजे ३ ते ४, वापरत्या हाताच्या बाजूचं कुल्ल्याचं हाड आणि त्यामागची खोबण. ऐन ३ वर लावलं तर होल्स्टरची मागची बाजू हाडावर टेकते आणि संध्याकाळपर्यंत तिथे लालसर पट्टा उठतो. बोटभर मागे सरकवलं की ते खोबणीत बसतं. इथे होल्स्टरचा कल महत्त्वाचा ठरतो. मूठ थोडी पुढे झुकलेली असली, साधारण १५ अंश, तर ती कुशीलगत राहते आणि मनगट न वाकवता हातात येते. उंचीचं गणित जरा कटकटीचं आहे. उंच बसणारं होल्स्टर अंगाला चिकटून राहतं, पण लांब नळीची रिव्हॉल्व्हर त्यातून काढताना कोपर पार बगलेपर्यंत न्यावं लागतं. खाली लोंबणाऱ्यातून ती सहज निघते, पण पावलागणिक मांडीवर थापट्या मारते आणि बसताना नळीचं टोक खुर्चीवर आपटून सगळं होल्स्टर वर ढकललं जातं. ४ इंचांपर्यंतची नळी आणि मुख्यतः चालणं, एवढ्यासाठी कंबर उत्तम. दोन चामडी तुकडे सपाट जोडून दोन्ही कडांना पट्ट्याच्या खाचा ठेवलेलं जे होल्स्टर मिळतं, ते पट्टा ताणला की शस्त्राला अंगाकडे ओढून घेतं. कमरेसाठी घ्यायचं तर मी तेच सुचवेन.

बराच वेळ बसून जात असेल, गाडीत, खोगिरावर किंवा होडीत, तर १० ते ११ ही समोरची उलटी जागा बघा. मूठ उजव्या हाताकडे वळलेली असते आणि बसल्या बसल्या हाताला येते. पोट सुटलेल्यांना मात्र ओणवं होताना ती मूठ बरगडीत टोचते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. शस्त्र बाहेर काढताना नळीचं तोंड आपल्याच डाव्या हातावरून आणि डावीकडे उभ्या असलेल्या माणसावरून फिरतं. डावा हात आधी छातीशी आखडून घ्यायची सवय रिकाम्या शस्त्रावर घोटली नसेल तर ही जागा घेऊ नका.

आता सॅकचा प्रश्न. मोठ्या सॅकचा कमरेचा पट्टा जिथे ओझं टेकवतो, नेमक्या त्याच हाडावर होल्स्टरलाही बसायचं असतं. दोघांचं तिथे पटत नाही. होल्स्टर सॅकच्या पट्ट्याखाली दाबलं तर हात पोहोचत नाही, खाली सरकवलं तर लोंबतं, आणि सॅकच्याच पट्ट्यावर अडकवलं तर सॅक उतरवली की शस्त्रही गेलं. सॅक झाडाला टेकवून ओढ्यावर पाणी भरायला गेलात की ते तुमच्याकडे नाही. म्हणून पाठीवर वजन घेऊन हिंडणाऱ्यांनी आणि पाण्यात उतरणाऱ्यांनी छातीवरच्या होल्स्टरकडे वळावं. अस्वलांच्या मुलखात नदीवर मासेमारी करणाऱ्यांमध्ये ते लोकप्रिय आहे ते उगाच नाही. पाणी कमरेपर्यंत आलं तरी शस्त्र कोरडं राहतं आणि सॅकचे पट्टे त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात.

छातीवरचं होल्स्टर बसवायला मात्र वेळ लागतो, आणि बहुतेक तक्रारी वाईट बसवण्याच्याच असतात. मुख्य पट्टा खांद्यावरून आडवा जातो, दुसरा बरगड्यांभोवती. खांद्यावरचा पट्टा किमान ३८ मिलिमीटर रुंद असावा. अरुंद पट्टा मानेच्या मुळाशी रुततो. शस्त्र छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ तिरपं बसलं पाहिजे. वर गेलं तर मूठ हनुवटीच्या वाटेत येते, खाली गेलं तर बसताना नळी मांडीला लागते. स्त्रियांना ते साधारणपणे आणखी थोडं खाली, बरगड्यांच्या कडेवर बसवावं लागतं. बरगड्यांभोवतीचा पट्टा आवळताना खोल श्वास भरून घ्या आणि मग बक्कल लावा. सपाटीवर बरोबर वाटलेला पट्टा चढावर धाप लागली की जीव नकोसा करतो. एकदा शर्टावर आणि एकदा सर्वांत जाड जॅकेटवर बांधून बघा. दोन्हीला पुरतील इतकी भोकं पट्ट्याला हवीत. गळ्यात दुर्बीण असेल तर तीही घाला, कारण ती नेमकी मुठीवर येऊन आपटते. आणि या होल्स्टरमध्ये नळी कुठे रोखलेली आहे ते ओणवं होऊन, गुडघ्यावर बसून, शेजारी माणूस उभा करून, रिकाम्या शस्त्रानिशी एकदा नीट बघून घ्या.

बगलेतलं होल्स्टर बसून काम करणाऱ्यांसाठी चांगलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने एम३ नावाचं चामडी खांदा-होल्स्टर वापरलं, आणि रणगाड्यातल्या किंवा विमानातल्या माणसाला कमरेवरचं पिस्तूल किती अडचणीचं होतं हे त्यावरून कळतं. वरून सॅक घातली मात्र की दोघांचे पट्टे एकमेकांवर चढतात. बगलेत आडवं राहणारं होल्स्टर असेल तर नळी थेट मागे चालणाऱ्या सोबत्याकडे रोखलेली असते. पायवाटेवर एकामागे एक चालणाऱ्यांनी त्याचा विचारच करू नये.

मांडीला बांधायचं होल्स्टर दिसायला रुबाबदार. चालताना प्रत्येक पाऊल ते उचलतं. पुढे जाऊ.

तिसरी पायरी: चामडं ओळखा

होल्स्टरला झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं लागतं. ते ओलं असताना हव्या त्या आकारात दाबता येतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. चांगल्या होल्स्टरवर स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची, कड किंवा रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा फुगवटा कोरल्यासारखा दिसतो तो यामुळेच. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि पाण्याला जास्त टिकणारं असतं. पिशव्यांना, कपड्यांना उत्तम. पण ते आकार धरत नाही, आणि त्यात शस्त्र पडून राहिलं तर उरलेल्या क्षारांमुळे पोलादावर डाग पडू शकतात.

जाडी औंसांत सांगतात. एक चौरस फूट चामडं जितके औंस भरेल तितकी त्याची जाडी, आणि एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. मध्यम आकाराच्या पिस्तुलाला ८ ते ९ औंस, म्हणजे ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडी चांगली. घोड्याचं चामडं गाईच्या चामड्यापेक्षा घट्ट विणीचं असतं, त्यामुळे थोडं पातळ असूनही कडक राहतं आणि घाम कमी शोषतं. ते रुळायला मात्र जास्त दिवस घेतं.

आतल्या मखमली अस्तराच्या मोहात पडू नका. त्यात वाळूचे कण रुतून बसतात, शस्त्र आत-बाहेर करताना ते पॉलिश पेपरचं काम करतात, आणि ओल तिथे जाता जात नाही. अस्तर हवंच असेल तर गुळगुळीत चामड्याचं घ्या. खालचं टोक झाडीझुडपात आणि बर्फात बंद असलेलं बरं, पण त्याला पाणी निथळायला बारीक भोक हवं.

शिवणीकडे वाकून बघा. टाके एकसारखे, दोरा चामड्यात किंचित बुडालेला, कडा घासून मेणाने बंद केलेल्या. पुढच्या माशीसाठी, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यासाठी, आत मोकळी नाळ ठेवलेली हवी. नाही तर माशी दर वेळी चामड्याची साल काढत बाहेर येते.

चौथी पायरी: तोंड आणि बंद

इथे तडजोड करायची नाही. ट्रिगर आणि त्याभोवतीचं कडं पूर्ण झाकलेलं हवं, इतकं की बाहेरून बोट किंवा काटकी आत जाणार नाही. आणि शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. चांगल्या होल्स्टरच्या तोंडाला चामड्याची दुहेरी पट्टी शिवलेली असते, काहींत तिच्या आत धातूची पातळ पट्टीही असते. मऊ होल्स्टर या जागी नुसतं गैरसोयीचं राहत नाही, ते धोक्याचं होतं. शस्त्र परत ठेवताना तोंडाची दुमड आत गेली आणि ट्रिगरवर अडकली की गोळी सुटते. जॅकेटच्या दोरीची गाठही तशीच आत शिरते. म्हणून परत ठेवताना घाई नाही, आणि नजर होल्स्टरवर.

बाहेर हिंडताना नुसत्या घट्टपणावर भिस्त ठेवू नये. घसरून पडलात, फांदीने मूठ ओढली, घोड्याने उसळी मारली, तर शस्त्र जागेवर राहिलं पाहिजे. अंगठ्याने उघडणारं बटण सर्वांत सोयीचं. बटणाखालच्या पट्टीत ताठ आधार शिवलेला आहे ना, हे बघा. नाही तर वर्षभरात ती वाकते आणि अंगठा नुसता घसरत राहतो. जुन्या धाटणीच्या सिंगल-ॲक्शन (दर गोळीआधी हॅमर अंगठ्याने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांना हॅमरवर अडकवायचा चामडी गोफ असतो. तोही चांगला. (१८७३च्या कोल्टच्या धर्तीवरची रिव्हॉल्व्हर असेल आणि तिला ट्रान्सफर बार, म्हणजे ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा घाव काडतुसापर्यंत जाऊ न देणारी पट्टी, नसेल तर पाचच गोळ्या भरायच्या आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवायचा. कोणतंही होल्स्टर या नियमातून सूट देत नाही.) झाप असलेलं होल्स्टर पाऊस, धूळ आणि काटेकुटे सगळ्यांपासून वाचवतं, त्या बदल्यात हात पोहोचायला वेळ लागतो.

पाचवी पायरी: पट्टा

होल्स्टर भारी आणि पट्टा पॅंटचा, ही नवख्यांची हमखास चूक. साधा पट्टा वजनाखाली वळतो, शस्त्राची मूठ बाहेर कलंडते, मग माणूस पट्टा अजून आवळतो आणि पोटावर वळ उठतात. दोन थरांचा, सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा, ३८ किंवा ४४ मिलिमीटर रुंद पट्टा घ्या. होल्स्टरच्या खाचा त्याच रुंदीच्या हव्यात. रुंद खाचेत अरुंद पट्टा घातला की होल्स्टर पाळण्यासारखं झुलतं. पट्टा विकत घेताना होल्स्टर धरून कंबर मोजा, कारण ते घेर वाढवतं. वजन जास्तच असेल तर खांद्यावरचे गॅलिस लावा. दिसायला जुनाट, पण कमरेला खरंच उसंत मिळते.

सहावी पायरी: घरी तालीम

शस्त्र रिकामं करा, डोळ्यांनी बघा, बोट घालून तपासा, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग होल्स्टरमध्ये घालून दोन-तीन तास घरात वावरा. उकिडवे बसा, बुटाची नाडी बांधा, जिना चढा, सॅक घाला-उतरवा. गादीवर होल्स्टर उलटं धरून हलवा. बटण लावलेलं असताना शस्त्र हललंही नाही पाहिजे, आणि बटण उघडं असताना लगेच पडता कामा नये. शेवटी न बघता मुठीवर हात न्या. पूर्ण पकड होल्स्टरमध्येच बसली पाहिजे. बाहेर काढल्यावर हात सरकवून पकड बदलावी लागत असेल तर चामडं मुठीला कुठेतरी नडतंय.

पहिल्या दिवशी शस्त्र आत अडकल्यासारखं होईल. नवी चप्पल चावते, तसंच हे. तेल लावून ते मऊ करायला जाऊ नका. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट नावाचं प्रसिद्ध तेल खोगिरासाठी ठीक आहे, होल्स्टरचा मात्र कणाच मोडतं. रिकामं शस्त्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, होल्स्टरमध्ये दाबून बसवा, डावी-उजवीकडे जरासं फिरवा आणि रात्रभर राहू द्या. तरीही घट्ट असेल तर दुसऱ्या दिवशी पिशवीचे दोन पदर करा. मग रिकाम्या शस्त्रानेच पन्नासएक वेळा हळूहळू काढा-घाला. होल्स्टरची पकड घट्ट-सैल करणारा ताणाचा स्क्रू असेल तर तो यानंतर जुळवा, आधी नाही, आणि दर सहलीपूर्वी तपासा. चालण्याच्या कंपनाने स्क्रू सैल होतात.

ओल, घाम आणि नंतरची वर्षं

सतत पावसात किंवा खाऱ्या पाण्याजवळ राहणार असाल तर कायडेक्ससारखं प्लास्टिक चामड्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. चामडं जिंकतं ते इतर ठिकाणी. ते दगडावर घासलं तरी खडखडत नाही, थंडीत अंगाला गार लागत नाही आणि काही महिन्यांत तुमच्या कुशीचा बाक घेतं.

भिजलं तर मुक्कामावर पोहोचताच शस्त्र बाहेर काढा, पुसा, हलकं तेल द्या. होल्स्टर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. शेकोटीजवळ किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलं तर ते आक्रसतं आणि शिवणीपाशी तडकतं. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात पुरे. चिखल असेल तर ओल्या फडक्याला थोडा खोगिराचा साबण. शस्त्र कधीही होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नका, चामड्यातली ओल त्याला गंज चढवते. चामडी कड्यांमध्ये खोचून ठेवलेल्या पितळी गोळ्याही अशाच कळकतात. हिरवी पुटं चढलेली काडतुसं मग चेंबरमध्ये अडकतात.

वर्षातून दोनदा तोंडाची कड बोटाने चाचपा. ती आत दुमडायला लागली असेल किंवा बटण स्वतःहून सुटत असेल, तर होल्स्टर कितीही लाडकं असलं तरी त्याचे दिवस भरले. कुणाला देऊ नका. तोंडापासून टोकापर्यंत कात्री चालवा आणि मगच कचऱ्यात टाका.